गवसणीतला तंबोरा

मिरजेचे दस्तगीरचाचा तंबोरे करायचे. दरबारचे पारखी आबासाहेब ज्या वाद्याला नावं ठेवत, त्याच्या कारागिराकडे पुन्हा कुणी फिरकत नसे. चाचांचा नवा तंबोरा आठवडाभर आबासाहेबांकडे पारखायला होता.

भर दरबारात आबासाहेब म्हणाले, "रोज छेडून पाहिला, सरकार. आवाज रडका आहे."

चाचांनी गवसणी उतरवली. तंबोऱ्यावर एकही तार नव्हती.

"प्रवासात ताण नको, म्हणून तारा मी इथं येऊनच चढवतो, आबासाहेब. त्या अजून माझ्या खिशात आहेत," चाचा हळूच म्हणाले. "गेल्या महिन्यात माझा मुलगा गेला. आपण रडणं ऐकलंत, ते माझ्या घरचं असेल."

आबासाहेबांची मान खाली गेली.

"चढवा तारा," सरकार म्हणाले. "आज आम्हीच ऐकू."

चाचांनी खिशातून तारा काढल्या आणि एकेक चढवली. सूर लागायला फार वेळ गेला, पण दरबारातून कुणी उठलं नाही.