गोधडीचा रिकामा कोपरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा अख्ख्या डोंगरपट्ट्यात एकच मालमोटार होती, आणि तीसुद्धा बंद. पाटलांच्या आज्यानं घेतलेली ती गाडी खळ्याच्या कडेला चिंचेखाली वर्षानुवर्षं उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या, एवढाच काय तो तिचा उपयोग.

त्याच गावात हैबती नावाचा लोहार राहायचा. तरुणपणी शहरात मोटारी दुरुस्त करायला शिकून आलेला. हात कसबी, पण मान जरा ताठ. पाटलांच्या लेकीचं लग्न घाटापलीकडच्या गावी ठरलं, तेव्हा हा गडी भर चावडीत बोलून बसला, "वऱ्हाड पाटलांच्या मोटारीतनंच जाईल. इंजिन मी माझ्या घरी नीट करतो."

लोक हसले. हसणारच. पण पाटलांनी इंजिन बैलगाडीत घालून त्याच्या पडवीत पोचतं केलं.

हैबतीनं ते सगळं सुटं केलं, एकेक भाग रॉकेलनं घासला. काळजी होती ती धुळीची. पडवीत भुसा उडायचा, कोंबड्या पंख झाडायच्या. म्हणून इंजिनाच्या प्रत्येक उघड्या भोकात चिंधीचा बोळा कोंबायचा, हे त्यानं ठरवलं. त्याची बायको ठकू हिनं आपलं जुनं लुगडं फाडून दिलं, पण बजावलं, "समदे तुकडे माघारी पायजेत. मला त्याची गोधडी शिवायचीय."

इंजिन जुळलं, गाडीत बसलं. सगळ्या गावासमोर हैबतीनं हँडल मारलं. गाडी खोकली, थरथरली आणि धडधडायला लागली. पाटलांनी आपल्या हातानं हैबतीला फेटा बांधला. कालपर्यंत हसणारे आज त्याला हैबतीदादा म्हणायला लागले.

घरी ठकूनं धुतलेले तुकडे अंगणात मांडले होते. गोधडीचा एक कोपरा रिकामा राहिला.

"अवं, लाल काठाचा तुकडा कुठाय?"

"असंल पडवीत."

पडवी झाडून झाली, आढ्यावर पाहून झालं. तुकडा काही सापडला नाही. ठकू हळूच म्हणाली, "इंजिनात तर न्हाई ना ऱ्हायला?"

"काय बोलतीस? गाडी चालू झाली ती काय उगीच?"

बोलला खरा, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण चिंधी खरंच आत राहिली असेल तर काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंजिनाच्या पोटात तळाला तेलाची परात असते आणि एक नळी तिथून तेल वर ओढते. सपाटीवर चिंधी परातीत गुमान पडून राहील. घाटाच्या चढाला गाडी कलली, की तेल सरकेल, चिंधीही सरकेल आणि नळीच्या तोंडाला चिकटेल. मग तेल बंद, इंजिन जाम, आणि भरली गाडी उताराला मागं. तिचे जुने ब्रेक किती धरतील, हेही त्याला ठाऊक होतं.

मग सांगायचं ना! तसं तो सांगायला निघायचा. पाटलांच्या दारी पोचला, की पाटील पाहुण्यांना म्हणायचे, "हाच आमचा हैबती." पाहुणे कौतुकानं बघायचे आणि हा पाणी पिऊन माघारी यायचा. घास घशाखाली उतरेना. तुकडा कदाचित कोंबडीनं ओढून नेला असेल, असं तो स्वतःलाच समजावायचा. मन मात्र ऐकायचं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. गाडी माणसांनी भरली. हैबतीची लेक मंजुळा नवरीची मैत्रीण, ती नवरीला चिकटून बसली. हैबतीला मानाची जागा मिळाली, ड्रायव्हरशेजारी. गाडी हलताना ठकू खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "लेक बसलीय मागं."

सगळ्या वाटेनं हैबतीचे कान इंजिनाकडे होते. मागं गाणी चालली होती, त्यात मंजुळाचा आवाज त्याला वेगळा ऐकू येत होता. घाटाचा पायथा आला. ड्रायव्हरनं गिअर बदलला, आणि हैबतीनं त्याचा हात धरला.

"थांबव गाडी."

पाटील खाली उतरले. "काय झालं रं?"

"इंजिनात चिंधी ऱ्हायलीय. म्हंजे, ऱ्हायली असंल. खात्री न्हाई."

"खात्री न्हाई? मुहूर्त टळंल की!"

"टळू द्या, पाटील. मी गाडी चढू द्यायचा न्हाई."

लोक नाही नाही ते बोलले. हैबती नव्या धोतरानिशी गाडीखाली शिरला. लग्नात द्यायच्या घंगाळात तेल काढलं, परात सोडवली. नळीच्या तोंडाशीच, तेलानं निथळत, लाल काठाचा तुकडा पडला होता.

तो त्यानं पाटलांच्या हातावर ठेवला. पाटलांनी वर घाटाकडे पाहिलं, मग आपल्या लेकीकडे.

"आधी का न्हाई बोललास?"

हैबतीची मान खाली गेली. "तुमी फेटा बांधलात, म्हणून."

परात पुन्हा बसली. आता तेल गाळून भरायचं, तर कापड हवं. हैबतीनं डोक्यावरचा फेटा उतरवला, घंगाळावर धरला आणि त्यातूनच सगळं तेल गाळलं. फेटा काळा ठिक्कर पडला. गाडी मात्र कुरकुर न करता घाट चढली.

सकाळचा मुहूर्त गेला तो गेलाच. सोयऱ्यांनी नाकं मुरडली, पाटलांना चारचौघांत हात जोडावे लागले, आणि ते पाहून हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. हैबतीला मानाच्या पंगतीला कुणी बोलावलं नाही. तो मागच्या पंगतीला बसला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

ठकूनं तो तुकडा धुऊन गोधडीच्या कोपऱ्यात शिवला. फेट्याचे डाग निघेनात, म्हणून त्याचं अस्तर केलं. ती गोधडी पांघरून हैबती गाढ झोपायचा. पुढं गाडी बिघडली तेव्हा पाटलांनी इंजिन पुन्हा त्याच्याच पडवीत पाठवलं. या खेपेला त्यांनी फेटा बांधला नाही आणि हैबतीनंही त्याची वाट पाहिली नाही.

बोध : चूक झाल्याची शंका येईल तेव्हाच बोलावं, कौतुकाखाली झाकलेल्या चुकीची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.