विसोबाचं इंजेक्शन

एका गावात विसोबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. भोळा हा शब्द लिहिण्यापुरता. गावात त्याच्यासाठी दुसरा होता.

लेक रोहिणीचं लग्न जमत आलं होतं आणि विसोबाला ओटा चढताना धाप लागे. मांडवात बाप धापा टाकणार म्हणून बायको गोदाबाईने त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वजन उतरवायचं इंजेक्शन दिलं.

“मळमळेल. घाबरू नका. औषध लागू पडतंय असं समजा.”

विसोबा ओकत राहिला. ओकून झालं की समाधानाने हसायचा. शेवटी त्याला दवाखान्यात उचलूनच न्यावं लागलं.

“अहो, पोटात पाणी ठरत नाही आणि गप्प बसलात?” डॉक्टर ओरडले. “पोटातलं लपवायचं नाही. विचारलं की सगळं सांगायचं!”

“मग हे आधी सांगायचं ना!”

डॉक्टरांनी मात्रा कमी केली. मग एके दिवशी होणारे व्याही तात्यासाहेब विहीणबाईंसह जेवायला आले. बासुंदीची वाटी उचलत त्यांनी विचारलं, “काय विसोबा, प्रकृती कशी?”

विसोबाने सांगितलं. आधी बद्धकोष्ठ, मग जुलाब, रंगासकट. तात्यांनी वाटी खाली ठेवली. विहीणबाई तोंडाला पदर लावून अंगणात गेल्या.

“जनाची तरी लाज धरा!” पाहुणे गेल्यावर गोदाबाई कडाडली. “कुणी काही विचारलं तर गप्प बसायचं. हसून मान डोलवायची!”

“मग हे आधी सांगायचं ना!”

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “पोटात कळ येते? पार पाठीपर्यंत? सहन होत नाही?” विसोबा हसून मान डोलवत राहिला. डॉक्टरांना घाम फुटला. या औषधाने क्वचित स्वादुपिंड सुजतं, त्याची हीच लक्षणं. विसोबाला तालुक्याला नेलं, सलाईन लावलं, रक्त काढलं, सोनोग्राफी केली. दुखत काहीच नव्हतं.

“अहो, नसेल तर नाही म्हणा! तोंड उघडून, ठणकावून!” डॉक्टर खेकसले.

“मग हे आधी सांगायचं ना!”

गोदाबाईने विहीणबाईंच्या हातापाया पडून सोयरीक कशीबशी टिकवली. साखरपुड्याला सगळा गाव जमला. भटजींनी रिवाजाप्रमाणे चारचौघांत विचारलं, “विसोबा, लेक यांच्या घरी दिली ना?”

“नाही!”

भटजींना वाटलं, आपलंच ऐकण्यात चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. विसोबा उठून उभा राहिला आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असा गरजला, “नाही!”

तात्यासाहेबांनी आपला नारळ उचलला. विहीणबाईंनी साडी उचलली. रोहिणी आईच्या गळ्यात पडून रडू लागली.

पहिल्या रांगेत डॉक्टर बसले होते. विसोबाने त्यांच्याकडे अभिमानाने बघितलं.

“काय डॉक्टर, या खेपेला बरोबर जमलं ना?”