पातशहाचा अर्धा अर्थ

एका गडावर विसाजीपंत नावाचे एक दुभाषी होते. फारसी, कानडी, मराठी, तिन्ही भाषा त्यांच्या जिभेवर नाचत. माणूस विद्वान, पण शाबासकीचा भुकेला.

गडाचा राजा रायभान. राज्य कसलं, चार खेडी! पण त्याला पातशहा म्हणवून घ्यायची हौस आली. मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तिथे चालत नसे. रीत अशी, की राजाने परक्या भाषेतला किताब घेतला, तर दुभाष्याने त्याचा अर्थ लोकांना त्यांच्या बोलीत सांगायचा आणि राजाने त्याच अर्थाची शपथ घ्यायची.

आदल्या दिवशी राजाने विचारलं, "पंत, काय हो याचा अर्थ?"

"शाह म्हणजे राजा. पात हा मूळचा फारसी 'पाद', म्हणजे राखणारा धनी. आपल्या संस्कृतातला 'पति' त्याचाच भाऊबंद. जो राखतो, तो पातशहा."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "राखायला मी काय गुराखी आहे? नुसतं 'सर्वांचा धनी' म्हणा."

पंत घुटमळले. एवढ्यातेवढ्याने काय बिघडतं, असं मनाशी म्हणत त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच सांगितलं. राजाने तशीच शपथ घेतली आणि लोकांनी मुजरे केले.

वर्षभराने लुटारूंची धाड आली. भर दुपारी खालच्या खेड्यातली माणसं पोराबाळांसह गडाच्या दाराशी धावली. त्यांत पंतांची लेक चिमाही होती. तिचं सासर तिथलंच. गडावरचा दाणा पुरणार नाही म्हणून राजाने दार उघडू दिलं नाही.

पंतांनी राजाचे पाय धरले. "महाराज, दार उघडा! पातशहा म्हणजे राखणारा!"

"शपथेत तो शब्द नव्हता, पंत. तुम्हीच गाळलात."

लुटारू गेल्यावर दार उघडलं. चिमा उंबऱ्याशीच पडली होती. पंतांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ते ऊर फुटेस्तोवर रडले.

वाचलेल्यांतला एक म्हातारा जवळ येऊन बसला. त्याच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

"पंत, आमाला फारसी कुठं येतीय? तुमी सांगितलं, त्येच खरं मानलं. तुमी 'राखणारा' म्हणाला असता, तर आज ह्ये दार तोडायचा हक्क तरी असता आमचा."



तात्पर्य: अर्थ जाणणाऱ्याने धन्याच्या मर्जीसाठी तो लपवला, तर त्याची किंमत न जाणणाऱ्यांना जिवाने मोजावी लागते, आणि त्यांत आपलीही माणसं असतात.