जेवणाआधीची सुई

"पानं वाढली की ही दरवेळी मोरीत का जाते रे? माझ्या हातचं हिच्या घशाखाली उतरत नाही का?"

सासूबाई सौमित्रला हळूच विचारत होत्या. मोरीच्या दाराआड पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेणाऱ्या मैत्रेयीला ते नीट ऐकू आलं. सौमित्रला लग्नाआधीपासून सगळं माहीत होतं. सासू-सासऱ्यांना मी सांगेन, असं म्हणून तिनंच ते पुढं ढकललं होतं. नव्या सुनेचं कौतुक चाललंय, तर चालू दे म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती उत्तराताईंकडे त्यांच्या प्रयोगाच्या तालमीला मदतीला गेली, ती काहीतरी ठरवूनच.

कर्करोगात ताईंची अर्धी जीभ गेली होती. तेव्हापासून त्या लोकांसमोर बसून वाटीभर मऊभात खात. सांडे, ओघळे, त्या खात राहत. तोच त्यांचा प्रयोग.

"ताई, पुढच्या प्रयोगात मी तुमच्या शेजारी बसते. भर सभागृहात सुई घेते. मला कसलीही लाज नाही."

"घरी कुठं घेतेस?" ताईंचे शब्द जडच उमटत.

"मोरीत... कडी लावून."

ताई हसल्या. वाटी तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, भरव.

मैत्रेयीनं चमचा पुढं केला आणि शहाण्यासारखी नजर खाली वळवली. घास ओठांतून निसटून ताईंच्या मांडीवर पडला.

"खाली काय बघतेस?"

"तुम्हाला अवघडायला नको म्हणून."

"अवघडलं कोण?"

मैत्रेयीनं मान वर केली. ताई शांतपणे भात पुसत होत्या.

"दवाखान्यातून आले तेव्हा ह्यांनी भरवलं. सगळं सांडलं. ह्यांनी नजर हटवली नाही. पुसलं, पुन्हा चमचा भरला. त्या घासाच्या जोरावर मी लोकांसमोर बसते."

"मग मी काय करू?"

"जी वाढते, तिला आधी बघू दे."

त्या दिवशी पानं वाढली तेव्हा मैत्रेयी उठली नाही. तिनं तिथंच इन्सुलिनचं पेन काढलं. सासूबाईंचा भाताचा हात अधांतरीच राहिला. सासरे उगाच पाण्याचा तांब्या इकडून तिकडं सरकवू लागले.

"आई, मला लहानपणापासून मधुमेह आहे. जेवणाआधी सुई घ्यावी लागते. बघा इकडं... झालं. आता वाढा."