दोरीआडची खुर्ची

डोंगरावरच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्याचं संग्रहालय झालं, तेव्हाची गोष्ट. झुलती खुर्ची दूर शहरातून दुरुस्त होऊन परतली. तिला वाटलं होतं, आता रोज कुणीतरी येऊन बसेल. पण तिच्यापुढे लाल दोरी आकड्याला अडकवली गेली.

"मला माणूस हवं," ती समोरच्या भिंतीवरच्या आरशाला म्हणाली.

आरसा हसला. "बाई, आता लोक तुझी पाटी वाचणार. जपून राहिलीस तर अजून शंभर वर्षं टिकशील."

"रिकामीच?"



दुसऱ्या सकाळी झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन एक बाई आली. "हात भरून आले गं, कुठं टेकू?" ती सोबतिणीला म्हणाली.

मोडले तर मोडले, असं ठरवून खुर्ची वाऱ्यासरशी पुढे झुलली आणि तिने दोरी आकड्यावरून खाली पाडली.