न मारलेला हत्ती

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे बुद्धिबळ सोडण्याची परवानगी मागायला गेला. गुरू असे की, त्यांच्या दारावरून जाणारा टांग्याचा घोडादेखील अडीच पावले टाकूनच वळे, असे गावकरी आजही शपथेवर सांगतात. शिष्यही राज्यात नावाजलेला. पण वर्षभर तो संगणकाशी खेळत होता आणि वर्षभर हरत होता. आता पट नुसता दिसला तरी त्याला जांभई येई.

"गुरुजी, त्या यंत्रापुढे जगज्जेतेही टिकत नाहीत. मग मी कशाला डोकं शिणवू? उद्याच्या अंतिम सामन्यातून नाव काढून घेतो."

गुरूही थकलेलेच होते. म्हणाले, "घे बाबा. फक्त एक डाव खेळून जा. आत माझा जुना संगणक आहे. त्याच्या खेळी मी आतून सांगतो, तू इथे पटावर मांड आणि तुझ्या खेळी मोठ्याने सांग. हरलास तर आशीर्वादासह सुटलास."

डाव सुरू झाला. वर्तमानपत्राने वारा घेत, घाम पुशीत शिष्य खेळत होता. पडद्याआडून एकेक खेळी येत होती. मध्येच आवाज आला, "हत्ती डी-फाइव्ह!"

शिष्याने पटाच्या मध्यावरच्या त्या घरात यंत्राचा हत्ती ठेवला. तो थेट त्याच्या प्याद्याच्या तोंडी उभा. पाठीशी कुणाचा आधार नाही. इतकी फुकट तर भाजीवाला कोथिंबीरही देत नाही! शिष्याचा हात पुढे गेला, आणि थबकला. यंत्र कधी चुकते का? यात नक्की पंधरा-वीस खेळींपुढचे काहीतरी दडलेले असणार, आपल्या कुवतीबाहेरचे. शोधून शोधून डोके भणभणले. शेवटी त्याने आपला राजा आडवा केला.

"हरलो, गुरुजी."

गुरू पंच्याने तोंड पुशीत बाहेर आले, पटाकडे पाहून चमकले. "अरेच्चा! हे प्यादं अजून इथंच? मला वाटलं, मघाच गेलं. खाटेवर पडून, डोळे मिटून खेळत होतो रे. वय झालं."

"तुम्ही खेळत होता? आणि संगणक?"

"वीज सकाळपासून गेलीय. पंख्याकडे तरी बघायचंस!"

शिष्याने वर पाहिले. पंखा निश्चल होता.

गुरू सावकाश खाली बसले. "यंत्र जगज्जेत्याहून बलाढ्य आहे, त्यात वाद नाही. जगज्जेते ते मान्य करतात, त्याच्याकडून शिकतात, आणि तरीही समोरचा पट स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. तू वर्षभरात त्याचं बळ घेतलं नाहीस, धाक तेवढा घेतलास. उद्या समोर बसेल तोही माझ्यासारखाच दमेल, चुकेल. तेव्हाही राजाच आडवा करणार का? असो. हरलास, तेव्हा मोकळा आहेस. जा."

शिष्य गेला नाही. बऱ्याच वेळाने त्याने आडवा राजा उभा केला, प्यादे उचलले आणि हत्ती मारला.

"हं," गुरू भिंतीला टेकत म्हणाले, "आता मला विचार करावा लागेल."