फुफीने ठासलेला बार

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जो माणूस ती पहिल्यांदा सांगायचा, तो त्या पाणंदीत स्वतः उभा होता. धुराने त्याचे डोळे चुरचुरले होते. आता खोदून विचाराल तर उभा असा नव्हता. तेव्हा त्याचा आजासुद्धा पाळण्यात होता. पण डोळे चुरचुरले होते हे मात्र नक्की.

तर फार जुनी गोष्ट. आपल्या आज्यांच्या आज्या लंगडी खेळत होत्या, त्या काळातली. खाडीच्या तोंडाशी वेळखार नावाचं गाव होतं आणि त्या गावात सिद्दी लोकांचे दोन पाडे होते, एक वरचा आणि एक खालचा. मध्ये एक अरुंद पाणंद. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात घालून आणलं होतं. काळेभोर, उंचनिंच, ढोल वाजवायला लागले की खाडीतले मासे उड्या मारत. किल्लेदाराने त्यांच्या हातात ठासणीच्या बंदुका दिल्या आणि सांगितलं, किल्ला राखा, जमीन देतो. जमीन द्यायची राहिली. बंदुका मात्र त्याने कधी परत मागितल्या नाहीत.

पुढे कधीतरी खालच्या पाड्यातल्या एका लग्नात कुणीतरी आनंदाने बार उडवला. तो लागला वरच्या पाड्यातल्या नवऱ्याच्या भावाला. चूक होती म्हणतात. पण चूक म्हणायला कुणी थांबलं नाही. भावासाठी बापाने गोळी घातली, बापासाठी मुलाने, मुलासाठी नातवाने. किल्लेदाराचा हवालदार यायचा, मिशीवर ताव द्यायचा आणि म्हणायचा, "हबश्यांचं आपसातलं आहे," आणि कोंबडी घेऊन परत जायचा. होता होता अशी वेळ आली की त्या दोन पाड्यांत एकही पांढरी दाढी उरली नाही. पोरं विचारायची, म्हातारा माणूस दिसतो कसा? तर त्यांना बोकड दाखवावा लागे.

वरच्या पाड्यात राहायची खैरूनफुफी. फुफी म्हणजे बापाची बहीण; पण तिला सगळं गावच फुफी म्हणायचं. तिने बापाला माती दिली होती, नवऱ्याला दिली होती, दोन भावांना दिली होती. आणि तरीही ती हसायची! असं हसायची की खाडीपलीकडे लोक म्हणत, वेळखारात आज भरती लवकर आली. तिच्या घरात आता एकच पुरुषमाणूस उरला होता, धाकट्या भावाचा मुलगा अंबर. आणि त्या अंबरला नेमकं मिसरूड फुटलं.

मिसरूड फुटलं की काय होई, तर शुक्रवारी भिंतीवरची बंदूक खाली काढायची आणि पोराच्या खांद्यावर द्यायची. पहिला बार ठासायचा मान फुफीचा. आईचा हात थरथरतो म्हणून. तो बार पोराने पाणंदीत उभं राहून समोरच्या पाड्यावर टाकायचा. आणि आणखी एक नेम होता: पहिल्या बाराचं काय झालं ते पुरतं कळल्याशिवाय दुसरा बार भरायचा नाही. मेला का वाचला, कुणाला लागला, सगळं कळायला हवं. मरणातही शिस्त पाहिजे ना!

त्या वर्षी गंमत अशी झाली की खालच्या पाड्यातल्या सुरूरलाही त्याच आठवड्यात मिसरूड फुटलं. म्हणजे शुक्रवारी दोन पोरं समोरासमोर.

खैरूनफुफीचं हसू पहिल्यांदाच आटलं. ती ओहोटीला कालवं फोडायला खाडीवर गेली. तिथे रोजच्यासारखी सुरूरची फुफी जैनब बसली होती. दोघी लहानपणी एकाच दोरीवर उड्या मारलेल्या; पण पाड्यांच्या वैरापायी वर्षानुवर्षं एकमेकींकडे पाठ करून कालवं फोडत होत्या. त्या दिवशी खैरूनफुफीने तोंड तिच्याकडे वळवलं.

"काय गो जैनब, तुझ्या टोपलीत नुसती शिंपलीच दिसतात."

जैनबच्या हातातली कोयती थांबली. मग ती म्हणाली, "आणि तुझ्या तोंडात नुसत्या हिरड्या. तरी बडबड कमी नाही."

दोघी हसल्या. जणू इतकी वर्षं गेलीच नव्हती, काल संध्याकाळीच भांडण झालं होतं. मग जैनबचा चेहरा पडला. "शुक्रवारी तुझा जाईल, नाहीतर माझा."

"नाहीतर दोघंही. आपले हात इतक्या वेळा माती देऊन कंटाळले नाहीत का गो?"

"नेम मोडता येत नाही, खैरून."

"मोडायचा कशाला? बार ठासायचा मान कुणाचा?"

"फुफीचा."

"काय ठासायचं, ते कुणी सांगितलंय का?"

जैनबने तोंड उघडलं ते तसंच राहिलं. असं म्हणतात की एक खेकडा आत डोकावून गेला.

"तुझ्याकडे भोपळ्याचं बी आहे?" खैरूनफुफीने विचारलं.

"मडकंभर."

"मग दारू चिमूटभर, बी पसाभर. आणि चिंधी गच्च."

शुक्रवार उजाडला. नमाज झाली. सगळं गाव पाणंदीच्या दोन्ही अंगांना उभं राहिलं. बायकांनी आधीच पदर तोंडाशी धरले होते. दोन्ही फुफ्यांनी गजाने बार ठासले, इतके मन लावून की लोक म्हणाले, काय काळजाच्या बाया आहेत! अंबर पाणंदीत उतरला. खैरूनफुफीने त्याच्या कानात सांगितलं, "डोळे मिट, तोंडही मिट." तिला ठाऊक होतं आत काय आहे, तरी तिने मनात पुन्हा एकदा चिमूट मोजली. चिमूटभर म्हटलं तरी दारूच ती.

धडाम! आणि लगेच दुसरा, धडाम! पाणंद धुराने भरली. बायकांनी हंबरडा फोडला. धूर हटेना. आणि मग धुरातून एक शिंक ऐकू आली. अंबर शिंकला आणि त्याच्या नाकातून एक बी सुटून थेट सुरूरच्या कपाळावर टण्णकन आपटलं. सुरूरच्या कुरळ्या केसांत, कानांत, सदऱ्यात, सगळीकडे बी. तो तसाच डोळे मिटून उभा.

"फुफी, मी मेलो का?"

"मेलास तर उपाशी मेलास," जैनब म्हणाली. "जेवायला चल."

आधी कुणीच हसेना. मग एक पोर हसलं, मग त्याची आई, मग अख्खी पाणंद. फक्त दोन्ही पाड्यांतले भावकीतले चुलते चिडले. "हा कसला बार? दुसरा भरा!"

खैरूनफुफी कमरेवर हात ठेवून मध्ये उभी राहिली. "पहिल्याचं काय झालं ते कळलं का? निम्मं बी छपरांवर पडलंय, निम्मं मातीत गेलंय. त्याचं काय होतं ते पुरतं कळू दे. नेम तुमच्या बापजाद्यांचा आहे, माझा नाही."

चुलत्यांनी डोकी खाजवली. नेम तर नेम.

आणि असं म्हणतात की त्याच रात्री बी रुजलं. सकाळी लोक उठले तर दोन्ही पाड्यांच्या माडाच्या झापांच्या छपरांवर वेलच वेल! वरच्या पाड्याचा वेल खाली उतरला, खालच्याचा वर चढला, पाणंदीवर मांडव झाला आणि कुठला कुणाचा, खुद्द वेलालाही सांगता येईना. एका वेलाने भिंतीवरच्या बंदुकांना असा विळखा घातला की नळ्या जिलबीसारख्या वळल्या. हवालदार चौकशीला आला, तर वेलाने त्याचं पागोटंच वर उचलून नेलं. तो कोंबडी न घेता पळाला. आणि मधोमध एवढा मोठा भोपळा धरला की तो उतरवायला दोन्ही पाड्यांना एकत्र खांदा द्यावा लागला. खांदा द्यायची सवय होतीच; पण त्या दिवशी पहिल्यांदा खांद्यावरच्या ओझ्याचे घारगे झाले.

अंबर जगला. सुरूर जगला. त्यांच्या दाढ्या आधी काळ्या झाल्या, मग करड्या, मग कापसासारख्या. पोरं येऊन त्या ओढून बघायची, खऱ्या आहेत का म्हणून. खैरूनफुफीने ती पांढरी दाढी पाहिली का? काही म्हणतात पाहिली आणि तीच हातात धरून हसत गेली. म्हणजे तिचं वय किती झालं असेल, हा हिशेब करू नका.

अजूनही वेळखारात पोराला मिसरूड फुटलं की शुक्रवारी ढोल वाजतात. फुफी त्याच्या मुठीत भोपळ्याचं बी ठासते, मूठ दुखेपर्यंत, आणि तो समोरच्या पाड्यावर जाऊन ते छपरांवर उधळतो. मग तिथल्याच घरी जेवतो. दोन्ही फुफ्यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत; लोक तिथे फुलांऐवजी बी वाहतात, म्हणून पावसाळ्यात त्या कबरी शोधाव्या लागतात.

आता खोटं काय तेही सांगून टाकू. पागोटं खरं आहे, जिलबी खरी आहे, खेकडा तर शपथेवर खरा. खोटं एवढंच, की वेल एका रात्रीत आला. भोपळा कधी एका रात्रीत येतो का? तो आला त्याच्या चालीने. आधी दोन पानं, मग वेल, मग नुसतीच वांझ फुलं, मग कुठे बोटाएवढं फळ. आणि तोवर नेमाप्रमाणे कुणाला बार भरता येईना. रोज सकाळी अंबर आपल्या छपराखाली उभा राही, सुरूर आपल्या, आणि एकजण दुसऱ्याला ओरडून विचारी, "काय रे, तुझ्याकडे धरला का?"